खाली बघायचं नाही

१

पिंप्राळ्यातल्या अभिमन सरांच्या टायपिंग क्लासात उशिरा आलेलं चालायचं. खिडकीतून समोरच्या रसवंतीकडे टक लावून बसलेलं चालायचं. पोरींनी पोरांची टवाळी केलेलीही चालायची. एकच गोष्ट चालायची नाही, ती म्हणजे टाइप करताना खाली बघणं. नजर समोरच्या मजकुरावर, पाठ ताठ आणि हात कापडाखाली. प्रत्येक मशीनच्या कळांवर काळ्या कापडाचा पडदा बांधलेला असे. जुन्या छत्र्या उसवून ते पडदे प्रमिलाबाईंनी शिवले होते. नवं पोरगं पहिल्या दिवशी त्या अंधारात हात घालताना बिचकायचं, तेव्हा सर म्हणायचे, "अरे, आत वाघ नाही. तुझीच बोटं आहेत."

ह्या विनोदावर सगळ्यात जास्त सर स्वतःच हसायचे.

सरांचा कान मात्र खरोखर तयार होता. बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले सर आतल्या खडखडाटातून ओरडायचे, "कोण रे तो सेमीकोलन अनामिकेनं मारणारा? करंगळी काय देवाला वाहिलीस?" आणि पकडलेलं पोरगं जीभ चावायचं. प्रत्येकाचा हात वेगळा वाजतो, असं सर म्हणत. एखाद्याची चाल पाठमोरी ओळखू यावी, तसे त्यांना हात ऐकू यायचे.

सगळ्यात गोड वाजायचे ते प्रमिलाबाईंचे हात. प्रमिलाबाई म्हणजे सरांची बायको. धरणगावकडची शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा इंग्रजी अक्षरं जेमतेम येत होती. सरांनी हौसेनं शिकवलं आणि दोन पावसाळ्यांत ती सरांच्याच पुढे निघून गेली. तेव्हापासून मुलींची बॅच तिचीच. नवऱ्याला ती शिकत असताना 'सर' म्हणायची, ते पुढेही तसंच राहिलं.

तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या बाजूला, हिरवा विंचू गोंदलेला होता. लहानपणी गावात गोंदणारी आली तेव्हा थोरल्या बहिणीनं, भागाबाईनं, हिला घट्ट धरून बसवलं होतं. डावा हात झाला आणि उजव्याची पाळी आली तशी ही जी हिसडा देऊन पळाली, ती थेट केळीच्या बागेत लपली. उजवा हात कोराच राहिला. भागाबाई अजून ती गोष्ट सांगून हसवायची.

मागच्या उन्हाळ्यात प्रमिलाबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पायही हळूहळू उचलायला लागला, बोलणं थोडं जड झालं तेवढंच. पण उजवा हात गेला तो गेलाच. सर रोज संध्याकाळी तो हात मांडीवर घेऊन तिळाचं तेल चोळत बसत. चोळून चोळून सरांचा तळवा गरम व्हायचा, पण तो हात तसाच गार राहायचा.

"सर, जाऊ द्या ना," ती म्हणायची. "हाऊ हात आते मना नही ऱ्हायना."

हात आता आपला राहिला नाही, हे सरांना ऐकवायचं नाही. ते आणखी जोरात चोळायचे.

२

त्याच वर्षी गावात कॉम्प्युटरचं वारं शिरलं. जो तो विचारायला लागला, "सर, तुमच्याकडे कॉम्प्युटर शिकवता का?" शेवटी सरांनी धुळ्याहून एक मशीन मागवलं. ते जोडून द्यायला हारुन नावाचा मेकॅनिक आला. तिशीचा, बोलका, आणि वायरी दातानं सोलणारा. आतल्या खोलीत कूलरशेजारी टेबल मांडून त्यानं कॉम्प्युटरचा पडदा उजळवला आणि निघताना खिशातून एक फ्लॉपी काढली.

"सर, ये गंमत आहे. पोरं यायला रंगीत काहीतरी पाहिजे ना."

फ्लॉपीत नक्षी काढणारा एक प्रोग्राम होता. जत्रेत बांगड्यांच्या काचा घातलेली नळी मिळते, डोळ्याला लावून फिरवली की आत फुलं उमलतात, तसंच काहीसं. पण इथे नळी फिरवायची नाही, कळा दाबायच्या. एक कळ दाबली की एक आकार उगवायचा, त्रिकोण, टिंब, कोयरी, नाहीतर नुसती रेघ. आणि तो एकदम आठ ठिकाणी उगवायचा. कारण पडद्यावरचा गोल आठ फाकांत वाटलेला होता, टरबूज कापल्यासारखा. मग ते सगळं हळूहळू फिरायचं, एकमेकांत मिसळायचं, मिटायचं, पुन्हा उमलायचं.

प्रमिलाबाई दारात उभ्या होत्या. त्या हळूच आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि डाव्या हाताच्या एका बोटानं एक कळ दाबली. पडद्यावर आठ निळ्या कोयऱ्या उमटल्या.

"बाई वं," त्या म्हणाल्या. "एक हातनं आठ!"

आणि त्या हसल्या. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. एका बाजूनं हसल्या, पण हसल्या. सर उगाचच हारुनवर खेकसले, "अरे, चहा घेतल्याशिवाय जातोस कुठं?"

त्या दिवसापासून रोज दुपारी क्लास बंद असायच्या वेळेला प्रमिलाबाई मशीनपाशी बसायला लागल्या. बाहेर उन्हानं डांबर मऊ व्हायचं, आत कूलर घरघरायचा, वाळ्याचा वास यायचा, आणि त्या घरघरीत डाव्या हाताचं टक, टक, टक. सर बाहेरच्या खोलीत पडल्या पडल्या ऐकायचे आणि त्यांना डुलकी लागायची.

३

एक दिवस ती टकटक मध्येच थांबली. सर आत गेले. प्रमिलाबाईंचे डोळे भरलेले होते. नजर मांडीवरच्या उजव्या हाताकडे होती.

"वर इतलं छान चालू ऱ्हास," त्या म्हणाल्या, "अन् नजर खाली गयी का हाऊ दिसस. सर, पडदा बांधी द्या ना. पोरीस्ले बांधतस तसा."

सरांना वाटलं, आपल्याला हे आधी का सुचलं नाही? डॉक्टरांनीही सांगितलंच होतं, की निकामी हाताला वेगळा टाकू नका, चालत्या हाताच्या जोडीला ठेवा. सरांनी त्यातल्या त्यात मोठा पडदा निवडला आणि मशीनच्या कळांवर बांधला. तो दोन्ही बाजूंनी पार कोपरापर्यंत यायचा. मग तिचा उजवा हात उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं आत ठेवला. तर्जनी जे वर, मधली के वर, अनामिका एल वर, करंगळी सेमीकोलनवर. नव्या विद्यार्थ्याला बसवतात तसा नीट बसवला.

"हं. आता खाली बघायचं नाही."

"नही देखत, सर," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

नक्षीत काहीतरी खटकतंय, हे सरांना त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जाणवलं. काय खटकतंय ते आधी कळेना. ते तिच्या मागे उभे राहून बघत राहिले. लाल टिंबं आठ. पिवळे त्रिकोण आठ. पण उजवीकडच्या खालच्या फाकेत आणखी एक बारीकसा आकार होता, हिरवट काळा, शेवटाला आकडा वळलेला. तो बाकीच्या सात फाकांत नव्हता. सगळी नक्षी फिरत होती आणि तो आकार मात्र तिथंच, पडद्याच्या त्याच कोपऱ्यात टिकून होता.

"हे काय दाबलंस तू?"

"मी कोठे काय दाबं?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "ते आपलंआपलंच येस."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकार होता. आणि का कोण जाणे, तो कुठंतरी पाहिल्यासारखा वाटत होता. कुठं, ते काही आठवेना.

४

हारुनला निरोप धाडला. तो पुढच्या खेपेला आला, तेव्हा प्रमिलाबाई शेजारी गेल्या होत्या. त्यानं स्वतः बसून भराभर कळा दाबल्या. नक्षी उमलली, फिरली, मिटली. आठही फाका तंतोतंत एकसारख्या.

"कुठंय सर? मला तर काही दिसत नाही."

"काल होतं रे. इथं. ह्या कोपऱ्यात."

हारुननं पडद्याला हात लावून पाहिला, कूलरकडे पाहिलं. "कूलरची मोटर आहे ना बाजूला. तिच्या चुंबकानं रंग बिघडतो." त्यानं टेबल भिंतीच्या दुसऱ्या अंगाला सरकवलं आणि हात झटकले. "आणि खरं सांगू का, असं होऊच शकत नाही. हा प्रोग्राम एकच फाक काढतो. बाकीच्या सात नुसत्या नकला. असलीमध्ये जे नाही, ते नकलेत येणार कुठून?"

हे सरांना पटलं. पटलं म्हणूनच पुढचा प्रश्न सुचला.

"मग ह्यातली असली फाक कोणती?"

हारुननं पडद्याकडे बघितलं. बोट एका फाकेवर नेलं, मग दुसरीवर, मग खाली घेतलं.

"ते असं बघून नाही कळत, सर," तो म्हणाला. "सगळ्या सारख्याच दिसतात ना."

दुसऱ्या दुपारी प्रमिलाबाई बसल्या. टेबल आता कूलरपासून लांब होतं. सर पाठीमागे येऊन उभे राहिले. हिरवट आकार परत आला होता, त्याच जागी. कूलरच्या जवळ नाही, खिडकीच्या जवळ नाही, तर प्रमिलाबाईंच्या उजव्या हाताच्या बरोबर समोर. आधीपेक्षा थोडा ठळक झाला होता.

सरांनी स्वतःची समजूत काढली, की मशीन नवीन आहे आणि आपले डोळे जुने आहेत. ही समजूत संध्याकाळपर्यंत टिकली.

५

दरम्यान भागाबाईचा निरोप आला. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. अखाजीला लेकीबाळी माहेरी जातात, झोके बांधतात, आंब्याचा रस नि सांजोऱ्या खातात. आईवडील गेल्यापासून प्रमिलाबाईंना न्यायला दर वर्षी थोरली बहीणच यायची. पण ह्या खेपेचा निरोप निराळा होता. आजारपणात भेटायला आली तेव्हाच ती सरांना ओट्यावर बाजूला घेऊन म्हणाली होती, "भाऊ, राग मानू नका. तुम्ही क्लास चालवशात का इन्हं करशात? मी इले अखाजीले लई जासू, अन् मंग तठेच ऱ्हाऊ द्या. हात उना तं येई परत."

अखाजीला न्यायचं आणि तिकडेच ठेवायचं; हात आला तर येईल परत. त्यात वावगं काहीच नव्हतं. भागाबाई जिवाची माणूस होती, तिच्या घरात करणाऱ्या सुना होत्या. सरांना तिच्यावर रागावताही येईना. फक्त रात्री अंथरुणावर पडलं, की वाटायचं, ह्या घरात ती नसेल, तर ह्या खडखडाटात मी ऐकायचं तरी कुणाला?

आणि मग तो आवाज आला.

दुपार होती. सर बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते. आतून डाव्या हाताचं टक, टक, टक चालू होतं. ए, एस, डी, एफ. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरं टक, टक, टक, टक. सेमीकोलन, एल, के, जे.

सर ताडकन उठून बसले. टायपिंगचा पहिला धडाच तो. आधी डावा हात करंगळीकडून आत येतो, मग उजवा हात करंगळीकडून आत येतो. आयुष्यभर हजारो पोरांकडून घोटून घेतलेला धडा. त्यात कान फसणं शक्य नव्हतं. आत दोन हात वाजत होते.

ते धावतच आत गेले. प्रमिलाबाई पडद्याकडे बघत होत्या, चेहऱ्यावर रंग हलत होते. काळ्या कापडाखाली दोन उंचवटे होते आणि दोन्ही हलत होते.

"प्रमिला! अगं, तुझा हात!"

"काय झायं?"

"उजवा हात चालतोय तुझा!"

ती गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. कापडाखालचा आवाज थांबला. "चालस?" ती म्हणाली. "माले तं काहीच जानवत नही, सर."

सरांनी कापड बाजूला केलं. डावा हात कळांवर होता. उजवा खाली मांडीवर घसरून पडला होता, पदरात अर्धा गुंडाळलेला. सरांनी तो हातात घेतला. गार होता.

म्हणजे आत्ताच घसरला असणार, सरांनी ठरवलं. मी ओरडलो, ती दचकली, आणि हात घसरला. त्यांना इतका आनंद झाला होता, की दुसरं काही ठरवायला मनात जागाच नव्हती. तो गार हात गालाला लावून ते चक्क रडले.

६

डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. एखाद्या कामापुरता हात जागा होतो. सोडू नका, चालू ठेवा. सर चालू ठेवत राहिले. रोज दुपारी ते स्वतः तिचे दोन्ही हात आत ठेवायचे, कापड नीट ओढायचे आणि बाहेर जाऊन कान लावून बसायचे. रोज दोन हात वाजायचे. आणि रोज संध्याकाळी तेल चोळताना उजवा हात लाकडासारखा असायचा. बोट हलव म्हटलं, तर ती कपाळाला आठ्या घालून जीव खाऊन प्रयत्न करायची, आणि काही व्हायचं नाही.

आनंद ओसरला तसा सरांच्या कानात खडा टोचायला लागला.

प्रमिलाबाईंचा उजवा हात सरांना पाठ होता. तिचं मधलं बोट जरा आगाऊ, एल मारायच्या आधी के ला निसटता स्पर्श करून जायचं. ही खोड सरांनी कितीदा मोडायला बघितली, पण मोडली नाही. शेवटी त्यांना ती आवडायलाच लागली होती. कापडाखालच्या ह्या हातात ती खोड नव्हती. हा हात डाव्यासारखा वाजत होता. डाव्याची करंगळी दुबळी पडली, की ह्याचीही तितकीच दुबळी पडायची. डावा अडखळला, की हा त्याच ठिकाणी अडखळायचा. डाव्यानं जे करावं, ते ह्यानं उलट्या बाजूनं करून दाखवायचं. नकलेसारखं.

सरांनी हा विचार झटकून टाकला. वर्षभरानं जागा झालेला हात, तो नवं शिकणार, जवळ जो हात आहे त्याच्याकडूनच शिकणार. ह्यात काय विशेष? लहान मूल नाही का बापासारखं चालायला लागत?

हे उत्तर चांगलं होतं. सरांनी ते दिवसभर स्वतःला ऐकवलं.

पण एका दुपारी पेपर उघडून बसलेले असताना त्यांना जाणवलं, की आपण मघापासून तीच ओळ वाचतोय आणि कान आत लागले आहेत. आतून आवाज येत होता तो असा: सेमीकोलन, एल, के, जे. आणि मग, जरा वेळानं, ए, एस, डी, एफ.

आज उजवा आधी होता. डावा त्याच्या मागून येत होता.

सर आत गेले नाहीत. का गेले नाहीत, ते त्यांना सांगता आलं नसतं. पेपरची घडी घालून ते रसवंतीवर जाऊन बसले आणि मेहरूण तलावाच्या बाजूनं येणारा गरम वारा तोंडावर घेत राहिले. रसवंतीवाल्यानं विचारलं, "सर, तब्येत बरी ना?" सर म्हणाले, "बरी आहे. हात आला तिचा." बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की हे आपण कुणाला तरी पटवून देतोय, आणि तो माणूस रसवंतीवाला नव्हे.

७

भागाबाई अखाजीच्या आदल्या दिवशी भर उन्हात आली. रिक्षातून उतरली ती पिशवी ओट्यावर टाकतच, "कोठे शे मनी बहीण? कपडा भरा तिना." सरांनी पाणी दिलं आणि म्हणाले, "अक्का, आधी एक गोष्ट बघा. मग न्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी प्रमिलाबाईंना मशीनपाशी बसवलं. दोन्ही हात आत ठेवले. उजवा नेहमीसारखाच जड होता. कापड ओढलं. भागाबाईसाठी डाव्या बाजूला स्टूल ठेवलं आणि स्वतः बायकोच्या उजवीकडे टेबलाला खेटून बसले. नक्षी सुरू झाली. उजवीकडच्या खालच्या फाकेत तो हिरवट आकार आता चांगला मोठा झाला होता. सरांनी तिकडे बघायचं टाळलं.

टक, टक, टक, टक. कापडाखाली दोन उंचवटे हलू लागले.

भागाबाईनं तोंडावर हात ठेवला. "बाई वं! हात चालस ना तुना!"

"चालस ना, अक्का?" प्रमिलाबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. त्यांचा आवाज फार आनंदी होता.

तेवढ्यात लाईट गेली.

पडदा विझला. कूलर घरघरत घरघरत गप्प झाला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की बाहेर रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला. मशीन बंद होतं. पण कापडाखालचे हात थांबले नव्हते. टक, टक, टक, टक. उजवा आधी, डावा मागून.

"गयी ना लाईट," भागाबाई डोळे पुसत उठली. "ऱ्हाऊ दे. आते माले कोनी काही सांगू नका. मी गूळ लई येस, देवापुढे ठेवस. हात उना मनी बहीणना!" ती स्वयंपाकघराकडे गेली. आतून डब्यांची झाकणं वाजू लागली.

सरांना फार मायेनं भरून आलं. इतके दिवस आपण उगाच कानाचं ऐकत बसलो, असं वाटलं. सवयीनं, तेल चोळताना रोज धरायचे तसा, तिचा उजवा हात धरावा म्हणून त्यांचा हात टेबलाखाली तिच्या मांडीकडे गेला. आणि तो हात तिथं होता.

पदरात अर्धा गुंडाळलेला. गार. जड. बोटात सैल झालेली अंगठी. सरांनी तो मुठीत धरला. रोजचा हात, रोजचं वजन. चूक व्हायला काही वावच नव्हता.

टेबलावर, कापडाखाली, दोन हात चालू होते.

सरांनी मान वळवली नाही. नुसतं डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते दोन उंचवटे बघत राहिले. हा दुसरा कुणाचा? विचार तेवढ्यावर येऊन थांबायचा आणि परत पहिल्यापासून सुरू व्हायचा. हा मांडीवरचा तिचा. डावा तिचा. मग हा? मग त्यांच्या नकळत त्यांचा मोकळा हात पुढे गेला आणि कापडाची आपल्या बाजूची कड त्यांनी थोडी उचलली.

खिडकीतून येणारा उजेड आत पडला. कळांवर फिरणारी बोटं दिसली. बाईची बोटं, निमुळती, ओळखीची. हाताच्या पाठीवर हिरवा विंचू होता. अंगठ्याच्या बाजूला. डाव्या हातावर होता तसाच, फक्त त्याची नांगी उलटीकडे वळलेली होती. तो पडद्यावरचा आकार कुठं पाहिला होता, ते सरांना आत्ता आठवलं. मनगटाच्या मागे कापडाची सावली सुरू होत होती. तिच्यात काय होतं, ते त्यांनी पाहिलं नाही.

"सर," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या विझलेल्या काचेकडे बघत होत्या. चेहरा शांत होता, एका बाजूनं हसत होता. "खाली देखानं नही."

सरांच्या बोटांतून कापड सुटलं.

भागाबाई वाटीत गूळ घेऊन आली. तिनं एक खडा बहिणीच्या तोंडात घातला, एक सरांपुढे धरला. मग कापडाखालच्या हालचालीकडे बघत ती जरा थबकली. वय झालेली शहाणी बाई होती. तिनं सरांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"भाऊ, असा काबर बठनात? खरं सांगा माले. हात उना ना?"

टेबलाखाली सरांच्या मुठीत प्रमिलाबाईंचा उजवा हात होता. वर्षभर रोज चोळलेला, एकदाही ऊब न धरलेला. हा वर काढून दाखवला, की झालं. भागाबाई पिशवी भरेल, संध्याकाळच्या गाडीनं हिला घेऊन जाईल, आणि हिचं सगळं नीट करेल. तेच बरोबर होतं. आणि उद्यापासून दुपारी ह्या घरात नुसता कूलर घरघरेल.

कापडाखालचा आवाज थांबला. आतलं जे काही होतं, तेही जणू उत्तर ऐकायला थांबलं होतं.

सरांनी मांडीवरचा तो गार हात पदराखाली आणखी आत सारला आणि कापडाची कड हलक्या हातानं नीट केली.

"आला, अक्का," ते म्हणाले. "तुम्ही बिनघोर जा."

कापडाखालून एक हात पुन्हा वाजू लागला. सेमीकोलन, एल, के, जे. मागून डावा आला. सर भिंतीकडे बघत बसले. पाठ ताठ होती, नजर समोर होती.